घरातल्या दीर्घ आजारपणाचा खर्च कोणी उचलायचा?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळू लागले. 'वय वंदना' नावाचे हे कार्ड आपल्या धर्मग्रामांतील अनेक वडीलधाऱ्यांनी काढून घेतले आहे. ज्यांनी अद्याप काढले नसेल, त्यांनी अवश्य काढावे. मात्र हे कार्ड हाती आल्यावर 'आता म्हातारपणाची चिंता मिटली' असा जो समज पसरला आहे, तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

कारण म्हातारपणाचा मोठा खर्च बहुधा रुग्णालयात होत नाही. तो घरी होतो. अर्धांगवायूचा झटका आलेल्या गृहस्थाला रुग्णालयात दहा-बारा दिवस ठेवतात आणि मग 'आता घरी न्या' असे सांगतात. त्यानंतर तो चार वर्षे जगतो, कधी आठ वर्षे जगतो. त्याला उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, औषधे वेळेवर देणे ही कामे रोजची आहेत. दहा दिवसांच्या खर्चासाठी योजना आहेत. पुढच्या चार वर्षांसाठी काय आहे, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

रिकामी होत चाललेली घरे

हा प्रश्न साऱ्या देशाचा आहे. परंतु आपल्या जिल्ह्यात तो अधिक तीव्र आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुले मुंबई-पुण्याला, गोव्याला, आखाती देशांत आणि बोटीवरच्या नोकऱ्यांत गेली. मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या किनाऱ्यावर अशी किती तरी घरे आहेत, जिथे सत्तरी ओलांडलेले एक जोडपे, किंवा त्यातले मागे राहिलेले एकच माणूस, मोठ्या घरात राहत आहे.

पूर्वी कोकणाला मनीऑर्डरीवर जगणारा प्रदेश म्हणत. चाकरमानी मुंबईहून पैसे पाठवी आणि गावी माणसे असत: भावजय, पुतण्या, शेजारीण. आज पैसे मोबाईलवरून क्षणात येतात, पण कूस बदलायला घरात हात उरलेले नाहीत. ते हात आता विकत घ्यावे लागतात, आणि त्यांची किंमत कोणत्याही योजनेत धरलेली नाही.

रुग्णालयाचा प्रश्न आपण लोकांनी वेळोवेळी मांडला, त्यासाठी भांडलो. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ च्या जानेवारीपासून शुल्क लागू झाले, तेव्हा या जिल्ह्यात मोठा असंतोष उसळला होता. पुढे ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. घरातल्या आजाऱ्यासाठी मात्र मोर्चा निघत नाही, कारण त्याला सांभाळणारी व्यक्ती घर सोडून मोर्चाला जाऊ शकत नाही.

योजना आणि विमा कुठे थांबतात

आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार तिच्यात धरलेला आहे, त्यापुढे नाही. आपल्या राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, पण तीही रुग्णालयाशीच बांधलेली आहे.

खासगी आरोग्यविम्याचे काय? काही चांगले बदल झाले आहेत. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळणे कठीण असे. वयाची ती मर्यादा विमा नियामकाने एप्रिल २०२४ मध्ये दूर केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही माफ झाला. परंतु पॉलिसीच्या मागच्या पानांवरील 'वगळलेल्या बाबी' वाचाव्यात. विमा नियामकाने २०१९ मध्ये सर्व कंपन्यांसाठी या बाबींची एकच प्रमाणित भाषा ठरवून दिली. त्यात आंघोळ, कपडे घालणे, हालचाल अशा दैनंदिन कामांसाठी घरी किंवा शुश्रूषागृहात घेतलेली मदत वगळता येते, मग ती मदत शिकलेल्या नर्सची असो वा साध्या मदतनीसाची. मरणासन्न रुग्णाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक व आध्यात्मिक गरजांसाठी दिलेली सेवादेखील त्याच कलमात वगळलेली आहे. काही पॉलिसींमध्ये 'घरी राहून उपचार' अशी तरतूद असते. ती रुग्णालयात हलवता न येणाऱ्या रुग्णाच्या तात्पुरत्या वैद्यकीय उपचारांसाठी असते, वर्षानुवर्षांच्या सांभाळासाठी नसते. विमा जरूर घ्यावा, पण त्यातून घरच्या मदतनीसाचा पगार निघेल या आशेवर राहू नये.

सरकारी अनुदान: किती आणि कोणाला

पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, त्याखालील वयाच्या निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ पासून दोन्हींत महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण अट २१,००० रुपये आहे. म्हणजे ज्याच्या घरी खरोखर काही नाही, त्यालाच हे अनुदान मिळते.

ही रक्कम किती पुरते, ते पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरली होती. घरी येणाऱ्या मदतनीस बाईला केवळ इतकी मजुरी दिली, तरी तीस दिवसांचे ९,३६० रुपये होतात, आणि तेही फक्त दिवसपाळीचे. १,५०० रुपयांत तिचे पाच दिवसही भरत नाहीत. सरकारला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. उरलेले पंचवीस दिवस कुठून आणायचे, याचा विचार आधीच करायला हवा म्हणून लिहितो.

दोन सोयी मात्र आपल्या लोकांना फारशा माहीत नसतात. पहिली, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला किंवा पार्किन्सनने ग्रासलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग ठरू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत चलनवलनाचे अपंगत्व व पार्किन्सन यांचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाला, तर निराधार योजनेतील उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये होते, आणि सप्टेंबर २०२५ मधील राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान २,५०० रुपये झाले आहे. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत जाऊन त्याचा हिशेब विचारावा. दुसरी सोय म्हणजे २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना. तिच्यात दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पासष्टीवरील व्यक्तीला कमोड खुर्ची, वॉकर, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात.

याच २०१६ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे: ज्यांना अधिक आधार लागतो अशा दिव्यांगांना सांभाळणाऱ्याच्या मदतीसाठी भत्ता देण्याची. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम लहान आहे. परंतु सांभाळणे हेही काम आहे, हे तिच्यातून सरकारने मान्य केले. आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागण्यासारखी ही गोष्ट आहे.

घर आहे, जमीन आहे, पण पैसा नाही

कोकणी माणूस कागदावर क्वचितच गरीब असतो. घर आहे, परसात माड आहेत, वर काजूची बाग आहे. तरीही आजारपणात हातात रोख नसते. अशा लोकांसाठी २००७ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने 'रिव्हर्स मॉर्गेज' योजना आणली. साठ वर्षांवरील व्यक्तीने स्वतःचे राहते घर बँकेकडे तारण ठेवायचे, बँकेने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, त्या व्यक्तीने हयातीत घरातच राहायचे आणि कर्जाची फेड नंतर वारसांनी किंवा घराच्या विक्रीतून करायची. मुंबईतील स्वतंत्र मालकीच्या सदनिकेला हे लागू पडते. आपल्याकडे ते अडते, कारण बँकेला स्वकष्टार्जित घर आणि निर्वेध मालकी लागते. आपल्या सातबाऱ्यावर मात्र वीस-वीस नावे असतात, त्यांतली निम्मी दिवंगतांची आणि उरलेल्यांपैकी काही परदेशात स्थायिक झालेल्यांची.

म्हणून म्हातारपणाची पहिली तरतूद बँकेत नव्हे, तलाठी कार्यालयात सुरू होते. वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात. सर्व हिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होऊ शकते. आपण ख्रिस्ती लोक वारसाहक्काच्या बाबतीत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतो. मृत्युपत्र नसेल, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. जिथे लग्न झालेल्या मुलीचे नाव वगळण्याची घाई होते, तिथे हे लक्षात ठेवावे. आणि वाटा समान असेल, तर आईबापांच्या सांभाळाची जबाबदारीही समान आहे, हेही लेकींनी व जावयांनी लक्षात ठेवावे.

घर मुलाच्या नावावर करून देताना एक काळजी अवश्य घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि नंतर सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेच्या बाबतीत असे बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. परंतु त्याआधी, २०२२ मध्ये, याच न्यायालयाने म्हटले होते की अशी अट होती हे दिसून आले पाहिजे. म्हणून अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. 'पोटच्या पोरावर अविश्वास कसा दाखवायचा?' असे अनेक मातांना वाटते. लिहून ठेवलेला शब्द हा अविश्वास नव्हे. विवाहाच्या वेळी आपण वेदीसमोर वचन देतो आणि नोंदवहीत सहीदेखील करतो.

याच कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध निर्वाहखर्चाचा अर्ज करता येतो. त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. निपुत्रिक ज्येष्ठाचा निर्वाह त्याची मालमत्ता ज्याच्याकडे जाणार, त्या नातेवाईकाकडून मागता येतो. अडचणीतल्या वृद्धांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे.

भावंडांचा हिशेब

इतके सारे पाहिल्यावर असे दिसते की, सामान्य कुटुंबात हा खर्च मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: वृद्धाची स्वतःची बचत आणि मुलांचे उत्पन्न. नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली रक्कम घराच्या दुरुस्तीत किंवा नातवाच्या लग्नात घालवण्यापूर्वी त्यातला एक भाग बाजूला ठेवावा. टपाल खात्यातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख झाली आणि तेव्हा तिचा दर ८.२ टक्के ठरला. सरकार हा दर तिमाहीगणिक ठरवते, पण खाते उघडतानाचा दर पाच वर्षे टिकतो. ८.२ टक्क्यांनी पाच लाखांवर तिमाहीला १०,२५० रुपये, म्हणजे महिना सुमारे ३,४०० रुपये मिळतात.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. आई अंथरुणावर आहे. चार भावंडांपैकी एक मालवणात तिच्याजवळ, दोघे मुंबईत, एक आखातात. मदतनीस, औषधे आणि इतर सामान मिळून महिना १५,००० रुपये लागतात असे धरू. आईच्या व्याजाचे ३,४०० वजा जाता ११,६०० रुपये उरतात. ते बाहेरच्या तिघांनी वाटून घेतले, तर प्रत्येकी सुमारे ३,९०० रुपये येतात. जवळ राहणाऱ्याने पैसे का द्यायचे नाहीत? कारण तो आपल्या रात्री देतो. त्याची पत्नी आपली नोकरी, आपले माहेरी जाणे आणि बहुधा आपली पाठदेखील देते.

कुटुंबे फुटतात ती इथेच. बाहेरच्यांना वाटते, 'घरात राहतो, बागेचे उत्पन्न खातो, मग सांभाळायलाच हवे.' आतल्याला वाटते, 'हे फेस्ताला आठ दिवस येतात, चार सूचना करतात आणि निघून जातात.' दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते. म्हणूनच आजार येण्यापूर्वी, आईवडील धडधाकट असताना, सर्व भावंडांनी एकत्र बसून तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: दरमहा कोण किती देणार, बागेचे उत्पन्न कोणत्या खात्यात जाणार, आणि वर्षातून किती दिवस बाहेरची भावंडे येऊन जवळच्याला सुट्टी देणार. तिसरी गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची आहे.

आणि ज्या बाईला आपण घरी कामाला ठेवतो, तिचे काय? तीही कोणाची तरी आई असते. १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा न्याय्य वेतनाची शिकवण देत आली आहे. ती आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. तिला आठवड्याची सुट्टी हवी, पगार ठरल्या तारखेला हवा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. तेवढा हप्ता मालकाने भरायला काय हरकत आहे?

इतरांनी काय केले

जर्मनीने १९९५ मध्ये सांभाळासाठी सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. नोकरदार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून तो चालतो. घरी नातेवाईक सांभाळ करत असतील, तर रोख भत्ता मिळतो, आणि ठरावीक अटींवर सांभाळणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही भरली जाते. जपानने २००० मध्ये अशीच योजना आणली. तिथे वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची असते. मात्र जपानने रोख पैशांऐवजी प्रत्यक्ष सेवा देण्याचे ठरवले. रोख दिली तर सून पुन्हा खाटेपाशीच बांधली जाईल, असे तिथल्या महिला संघटनांचे म्हणणे होते. आपल्याकडे भत्त्याची मागणी करताना हा इशारा विसरता कामा नये.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण केरळचे आहे. १९९३ मध्ये कोळिकोडे येथे वेदनाशमन सेवेची संस्था सुरू झाली. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या गावांत शेजाऱ्यांनीच गट केले, थोडीथोडी वर्गणी जमवली, प्रशिक्षण घेतले आणि घरोघरी जाऊन दीर्घ आजाऱ्यांची सेवा सुरू केली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरण आखले आणि ग्रामपंचायती आपल्या निधीतून घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेची सोय करू लागल्या. आधी लोकांनी सुरुवात केली, मग सरकार आले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

धर्मग्रामाने काय करावे

प्रेषितांच्या काळात ख्रिस्तसभेत पहिली कुरबुर झाली, ती विधवांना मिळणाऱ्या रोजच्या वाटपावरून. आणि तिच्यातूनच सात सेवक निवडले गेले. संत पौल तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा विषय जवळजवळ हिशेबनिसाच्या काटेकोरपणे मांडतो. ज्या विधवेला मुले-नातवंडे आहेत, तिचा भार प्रथम त्यांनी उचलावा, म्हणजे जिला कोणीच नाही तिला ख्रिस्तसभा मदत करू शकेल. हा क्रम आजही योग्य आहे. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू अशा लोकांना खडसावतो, जे आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे सांगून हात वर करतात. म्हणून स्पष्टच लिहितो: आईच्या औषधांचा वाटा थकवून फेस्ताला दिलेली मोठी देणगी देवाला नको आहे.

ज्यांना कोणी नाही, किंवा असूनही नाही, त्यांच्यासाठी धर्मग्रामाची जबाबदारी सुरू होते. आमच्या मते चार गोष्टी लगेच करता येतील. एक, प्रत्येक चर्चच्या आवारात साधनांची पेढी असावी: वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची. एका घरातले काम संपले की साधन दुसऱ्या घरी जाईल; आज ती माळ्यावर गंजत पडतात. दोन, धर्मग्रामातील आठ-दहा स्त्री-पुरुषांना सिस्टर-नर्सांकडून कूस बदलणे, जखमा टाळणे, नळीने भरवणे यांचे शिक्षण मिळावे. तीन, संत विन्सेंट दी पॉल संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आपल्या घरभेटींत कार्ड, दाखला आणि अनुदान यांचे अर्ज भरून देण्याचे काम घ्यावे. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या मित्रांनी घरभेटींसाठीच सुरू केली होती. चार, वेगळ्या खात्याचा एक शुश्रूषा निधी असावा, आणि त्याचा हिशेब दर तिमाहीला चर्चच्या फलकावर लागावा. लहान वर्गणीतून काय उभे राहते, हे वसईकरांनी दाखवून दिले आहे: १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी सुरू केलेल्या पतसंस्थेतून आजची बॅसिन कॅथोलिक सहकारी बँक वाढली.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. त्या रविवारी आपण वृद्धांना पहिल्या बाकावर बसवतो, फुले देतो. चांगलेच आहे. पण जे बाकापर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांची यादी प्रत्येक धर्मगुरूकडे असते. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्यांच्याच घरी जातो. येत्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत ती यादी टेबलावर ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे लिहावे: याला कोण सांभाळते, खर्च कुठून येतो, आणि सांभाळणाऱ्याला शेवटची सुट्टी कधी मिळाली. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला स्वतःच्या हाताने पट्टी बांधली. आणि दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन, अधिक लागले तर परतताना देतो असेही सांगितले. आपण त्या दृष्टांतातली पट्टी लक्षात ठेवतो. ती दोन नाणीही लक्षात ठेवावीत.